चकचकीत शिपाई : जुन्या खेळण्यांचा संग्रह आणि व्यापार

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर शिशाच्या शिपायांना आणून उभे करावे हे काही श्रोत्यांना रुचणार नाही, याची आम्हांला कल्पना आहे. अर्थकारण, तत्त्वज्ञान, इतिहास या भारदस्त विषयांच्या पंक्तीला दोन इंचांचा रंगीत पुतळा कसा बसावा? पण आपली ही व्याख्याने होतात त्याच चैत्रात डहाणूजवळ विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते. तेथे खेळण्यांच्या दुकानापुढे घटकाभर उभे राहावे आणि मुलांकडे न पाहता त्यांच्या बापांकडे पाहावे. हत्ती कोणी आधी हातात घेतला, घोडेस्वार उलटा करून खाली कोणी पाहिले, आणि पोराच्या नावाखाली हौस कोणाची भागली, हे ध्यानात येईल. खेळणे हे मुलाचे असते हा समज अर्धाच खरा आहे. मूल ते मोडते. जपतो तो मोठा माणूस. आणि जो जपतो तो कधी ना कधी विकत घेतो, विकतो, अदलाबदल करतो. या व्यवहाराचे शास्त्र काय, आणि आपल्या डहाणू-तलासरीच्या माणसाला त्यात काय घेण्यासारखे आहे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आधी वस्तूची ओळख करून घेऊ. युरोपात अठराव्या शतकात न्युरेंबर्ग शहरात कथलाचे चपटे शिपाई ओतले जात. पत्र्यासारखे पातळ, समोरून पाहिले तर पूर्ण मनुष्य, बाजूने पाहिले तर नुसती रेघ. पुढे भरीव शिपाई आले. त्यांत जर्मन कारखानदारांचा वरचष्मा होता. भरीव शिपाई दिसावयास डौलदार, पण शिसे पुष्कळ खाणारा आणि म्हणून महाग. इ. स. १८९३ मध्ये लंडनच्या ब्रिटन या खेळणी करणाऱ्या घराण्यातील विल्यम ब्रिटन या मुलाने एक युक्ती काढली, आणि तिने हा सारा धंदाच उलटापालटा केला.

युक्ती ऐकावयास फार साधी आहे. दोन फाळांचा धातूचा साचा हातात धरावयाचा. त्यात शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतावयाचा. साच्याच्या थंड भिंतीला लागलेला रस आधी गोठतो, मधला पातळच राहतो. नेमक्या त्या क्षणी साचा उलटा करून मधला रस परत बाहेर काढावयाचा. आत उरते ती धातूची साल. शिपाई पोकळ झाला, हलका झाला, स्वस्त झाला. अर्थात हा ‘नेमका क्षण’ पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. लवकर उलटा केला तर शिपायाचा पाय गळतो, उशीर झाला तर तो भरीवच राहतो. ओतणाऱ्याच्या मनगटाला जे कळते ते त्याच्या मालकालाही कळत नसते.

आमच्या किनारपट्टीच्या श्रोत्यांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. चिंचणी, वरोर, वाढवण, बाडा-पोखरण या पट्ट्यात पोलादी डाय कोरणारे कारागीर आहेत. त्यांच्या डायवर सोन्याचांदीचा पत्रा ठोकला की दागिन्यांची नक्षी उठते. पोलादाच्या एका गोट्यावर उलटी आकृती कोरणे, तीही भिंग लावून, आणि ती सुलटी उमटल्यावर कशी दिसेल हे आधीच डोळ्यांपुढे आणणे, ही या लोकांची नित्याची विद्या. दागिना अंगावर मिरवतो आणि डाय पेटीत पडून राहते. कोरणाऱ्याचे नाव दागिना घालणारीला कधीच कळत नाही. शिपायांच्या बाबतीतही तेच झाले. साचा कोरणारा कोण, हे पेटी घेणाऱ्या मुलाने कधी विचारले नाही.

ब्रिटनच्या शिपायाची उंची ५४ मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांहून थोडी अधिक. ती त्या काळच्या खेळण्यातल्या आगगाडीशी जुळेल अशी ठेवलेली होती. पुढे जगभर हेच माप रूढ झाले. पायदळाचे आठ शिपाई किंवा पाच घोडेस्वार अशी लाल खोक्यातली पेटी एक शिलिंगाला मिळे. काही शिपायांचा हात खांद्यात फिरता असे, म्हणजे बंदूक वर-खाली करता येई. साऱ्या शिपायांना रंग मात्र हाताने. रंगकाम बहुतेक बायकांच्या हाती होते, आणि मजुरी नगावर. एका बाईने शेकडो डगले लाल करावयाचे, दुसरीने शेकडो पट्टे पांढरे करावयाचे. हा रंग तेलाचा, रोगणासारखा चकचकीत. लढाईतला खरा शिपाई कधी असा चकाकत नाही. तो मळलेला असतो, घामेजलेला असतो. तरीही या चकाकीतच खेळण्याची गोडी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आजचे हुबेहूब नमुने करणारे कारागीर मंद, अचकचकीत रंग वापरून चिखलाचे डागही उमटवतात. त्यांचे कौशल्य मान्य. पण तो नमुना झाला, खेळणे नव्हे. संग्राहकांत हे दोन पंथ आहेत आणि त्यांचे एकमेकांशी फारसे पटत नाही. चकचकीताची मागणी इतकी टिकून राहिली की १९७० नंतर काही छोट्या कारखानदारांनी मुद्दाम जुन्या धर्तीचे, झळाळते शिपाई नव्याने ओतावयास सुरुवात केली.

शिपायांचा हा नाद मोठमोठ्यांना होता. विन्स्टन चर्चिल यांच्यापाशी लहानपणी पंधराशेच्या आसपास शिपाई होते, आणि ती फौज पाहूनच वडिलांनी त्यांना लष्करात धाडण्याचे ठरवले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. एच. जी. वेल्स यांनी तर १९१३ साली अशा शिपायांच्या लुटुपुटीच्या लढाईचे नियम सांगणारे पुस्तकच काढले. पुढच्याच वर्षी खरी महायुद्धाची आग लागली.

या पेट्यांत आपलीही माणसे होती. ब्रिटनच्या यादीत बंगालचे, मद्रासचे घोडेस्वार जसे होते तसे मुंबई इलाख्याच्या लान्सर पथकाचे स्वार आणि मुंबईच्या देशी पायदळाचे शिपाईही होते. त्या पायदळात कोकणातल्या आणि देशावरच्या मराठी माणसांची भरती होई, हे इतिहास जाणणाऱ्यांस सांगावयास नको. लंडनच्या उत्तर भागातल्या एखाद्या बाईने, जिने मुंबई नकाशावर तरी पाहिली असेल की नाही कोण जाणे, आपल्या माणसाचा चेहरा तपकिरी रंगाच्या एका फटकाऱ्यात उरकून टाकला. साचा बहुधा एकच. पलटण बदलली की डगल्याचा आणि पट्टीचा रंग बदलावयाचा. खेळण्यातले साम्राज्य असे काटकसरीने चालत होते. आज ही देशी पलटणींची खोकी युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांना फार हवीशी वाटतात. इंग्रजी पलटणींच्या मानाने ती कमी खपली, म्हणून आज कमी उरली.

शिशाच्या शिपायाचा अंत प्लास्टिकने केला, आणि शिसे लहान मुलांच्या पोटात जाणे घातक आहे या जाणिवेनेही केला. १९६६ साली ब्रिटनने पोकळ शिशाचे काम थांबवले. पाऊण शतक चाललेला ओघ आटला, आणि जे घरोघर मोडत, हरवत, वितळत होते ते अकस्मात ‘जुने’ झाले. येथून पुढे व्यापाराची गोष्ट सुरू होते.

नवख्याची समजूत अशी असते की जुन्या शिपायाची किंमत त्याच्या वयावर ठरते. तसे नाही. किंमत रंगाची असते. मूळ रंग शाबूत असलेला पन्नास वर्षांचा शिपाई, रंग उडालेल्या नव्वद वर्षांच्या शिपायापेक्षा कितीतरी अधिक भाव खातो. त्याखालोखाल मान खोक्याचा. ज्या पुठ्ठ्याच्या खोक्याला मुलाने पहिल्याच दिवशी फाडून टाकले, ते आज असेल तर आतल्या शिपायांइतकीच विचारपूस त्याची होते. तिसरी गोष्ट दुरुस्तीची. पोकळ शिपायाची मान नाजूक. मुंडके तुटले की मुलगा आगकाडीचा तुकडा आत खुपसून ते परत बसवी, आणि अशी काडीवरची मुंडकी आजही सापडतात. आम्हांला स्वतःला असा शिपाई अधिक प्रिय आहे, कारण त्यावर खेळल्याची खूण आहे. पण बाजाराला भावना नसते; काडी दिसली की भाव उतरतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे नवा रंग दिलेला शिपाई. मालकाने प्रेमाने, रविवारची दुपार खर्चून, लाल डगला पुन्हा झळझळीत केला, की जे विकावयाचे होते तेच त्याने झाकून टाकले.

फसवणूकही होते. खऱ्या शिपायावरून साचा काढून नवा शिपाई ओततात आणि जुना म्हणून खपवतात. येथे आमच्या डायवाल्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट कामास येते. धातू थंड होताना आकसतो. म्हणून शिपायावरून घेतलेल्या साच्यातला शिपाई मुळापेक्षा किंचित लहान भरतो, आणि नाक, बोटे, बटणे यांच्या कडा बोथट होतात. शेजारी खात्रीचा एक नग उभा करून पाहिला तर लबाडी बहुधा उघडी पडते. अतिनील प्रकाशाखाली नवा रंग पुष्कळदा जुन्याहून वेगळा उजळतो, तोही एक पुरावा. पायाखालच्या अक्षरांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. तेथे कोरलेले साल हे नमुन्याचा हक्क नोंदवल्याचे असते. तो शिपाई त्यानंतर वीस वर्षांनीही ओतलेला असू शकतो. उभे राहण्याच्या चकतीचा आकार अधिक बोलका. आरंभीच्या पायदळाला गोलसर चकत्या, नंतरच्याला चौकोनी.

आता जपणुकीकडे वळू. ही बाब डहाणूच्या दृष्टीने फार महत्त्वाची, कारण आपली हवा शिशाची वैरीण आहे. समुद्राची खारी दमट हवा, वर चार महिन्यांचा पाऊस. शिशावर करड्या-पांढऱ्या भुकटीचा थर चढू लागला की जाणकार त्याला शिशाचा रोग म्हणतात. दमट हवेत आम्लाच्या वाफा मिसळल्या की शिसे हळूहळू कुजून त्याची अशी भुकटी होते. आम्ल येते कोठून? कपाटाच्या लाकडातून, प्लायवुडमधून, हलक्या पुठ्ठ्यातून. युरोपात ओक लाकडाची देखणी कपाटे या बाबतीत बदनाम आहेत. तेव्हा शिपाई काचेच्या वा लोखंडी कपाटात ठेवावेत, सोबत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी असावी, आणि पावसाळ्याअखेर ती बदलावी. जुने खोके जपावे, पण शिपाई त्यात वर्षानुवर्षे कोंडून ठेवू नयेत.

आणखी एक सावधगिरी आपल्या घरांतल्या चांगल्या सवयीविरुद्ध जाते. आपल्याकडे धातूची जुनी वस्तू हाती आली की गृहिणी ती चिंच लावून घासावयास घेते. पितळेला ते मानवते. शिशाच्या शिपायाला चिंच म्हणजे मृत्यू. रंग जातोच, वर आम्लाने धातूही पोखरला जातो. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी, यापलीकडे काही करू नये. हात लावल्यावर ते साबणाने धुवावेत, आणि घरात रांगते मूल असेल तर शिपाई कुलपात असावेत. भंगारवाले जुने शिसे चुलीवर वितळवतात, तो धूर तर त्यांच्या स्वतःच्या लेकरांच्या छातीत जातो.

हे सारे परक्या खेळण्याविषयी झाले. आपला शिपाई कोठे आहे? तो दिवाळीच्या किल्ल्यावर आहे. पुण्यात, ठाण्यात, वसईत आणि आपल्याकडच्या मराठी वस्त्यांतही मुले दगडमातीचा किल्ला रचतात, अळीव किंवा मोहरी पेरून त्यावर हिरवळ उगवतात, वर सिंहासनावर महाराज बसवतात आणि बुरुजाबुरुजांवर मावळे उभे करतात. हा मावळा साच्यातूनच निघतो, त्याचाही रंग चकचकीत असतो, त्यालाही पलटणीसारखाच एक डगला आणि एक पागोटे यांवर भागवलेले असते. भाजल्या मातीचा तो मावळा आता मागे पडला, आणि प्लास्टरच्या व प्लास्टिकच्या मावळ्याने जागा घेतली. लंडनच्या शिपायाच्या एकेका चकतीवर ग्रंथ लिहिले गेले. आमच्या मावळ्याचा साचा कोणत्या कुंभारवाड्यात कोणत्या पिढीला बदलला, महाराजांच्या जिरेटोपाचा आकार केव्हा पालटला, शेजारी उभ्या असलेल्या गवळणीच्या लुगड्याचा रंग कोणी ठरवला, हे सांगणारा एक तरी संग्रह आपल्या तालुक्यात असावा, असे आम्हांला वाटते. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती असल्या घरगुती वस्तू गोळा करावयास सुरुवात केली तेव्हा त्या सुद्धा अडगळच मानल्या जात होत्या.

अडगळीला किंमत कशी येते, हे इतर कोणापेक्षा डहाणू-तलासरीने जवळून पाहिले आहे. वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक सुवासिनी तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर लिहीत. मध्ये पालघाट देवी, शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. लग्न उरकले की त्या चित्राचे काम संपले. पुढे भिंत सारवली की चित्रही गेले. १९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी येथल्या लोकांच्या हाती कागद दिला, गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी तो कुंचल्याने भरला, आणि जे पुसले जात होते ते टिकू लागले, विकले जाऊ लागले. म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. पण त्याच काळात नाव न घालता, मिळेल त्या दरात चित्रे विकून टाकणारे हातही या पाड्यांवर पुष्कळ होते. चित्र मुंबईत पोहोचेपर्यंत त्याच्या किमतीला किती शून्ये लागली, हे त्या हातांना कळलेच नाही.

म्हणून संग्राहकापुढे आम्ही दोन प्रश्न ठेवतो. पहिला : समोरची वस्तू खेळणे आहे की देव? आपल्याकडे घोड्यावरचा स्वार दोन-तीन इंचांत तीन ठिकाणी भेटतो. किल्ल्यावर तो मावळा असतो, देवघरात चांदीच्या टाकावर तो खंडोबा असतो, आणि चौकात तो पंचशिऱ्या असतो. शहरी खरेदीदाराला तिन्ही सारखेच ‘सुंदर लघुशिल्प’ दिसतात. घरच्या माणसाच्या दृष्टीने पहिला विकण्याजोगा आहे, दुसरा व तिसरा नाही. अडचणीत सापडलेल्या घरातून देव उचलून आणणाऱ्या माणसाला आम्ही संग्राहक म्हणत नाही. कायद्याचाही येथे संबंध येतो. १९७२च्या पुरावस्तूविषयक कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरच्या मूर्ती व कलावस्तू पुरावस्तू ठरतात, त्यांचा धंदा परवान्यावाचून करता येत नाही आणि खाजगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. हौशी माणसे हा कायदा बहुधा पोलीस दारात आल्यावर वाचतात.

दुसरा प्रश्न अधिक अवघड. विकणाऱ्याला किंमत ठाऊक नाही आणि आपल्याला आहे, अशा वेळी काय करावे? समजा, बोर्डी-घोलवडच्या एखाद्या वाडीतला जुना बंगला रिकामा होतो आहे, आणि रद्दीबरोबर एक लाल खोके वजनावर निघाले आहे. मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, याला चतुराई म्हणतात. तेथला दुकानदारही जाणता आणि गिऱ्हाईकही जाणते, तेथे घासाघीस शोभते. पण वजनावर शिसे विकणारी म्हातारी आणि पेटीचा क्रमांक ओळखणारा गृहस्थ यांच्यात घासाघीस नसते. आमचे म्हणणे असे की आधी वस्तू काय आहे ते सांगावे, मग दर बोलावा. काही मित्र म्हणतात, असे केल्यास संग्रह वाढत नाही. वाढत नाही हे खरे. आमच्या ओळखीतले चांगले संग्रह मात्र याच रीतीने सावकाश वाढले आहेत, आणि त्यांच्याकडे माणसे आपणहून वस्तू घेऊन येतात, कारण तेथे खरे सांगितले जाते हे गावात ठाऊक असते.

अदलाबदल हा त्यातल्या त्यात निर्मळ व्यवहार. दोन्ही बाजूंना ज्ञान सारखे असते आणि दोघांनाही आपण जिंकलो असे वाटते. एकाकडे एकाच पलटणीचे दोन झेंडेवाले, दुसऱ्याकडे नुसतेच ताशेवाले. दोघे भेटले की दोन पलटणी पुऱ्या होतात. मोडक्या शिपायांचा गठ्ठा स्वस्त मिळतो तो घेऊन ठेवावा, कारण त्यातला एखादा सुटा हात पुढे कोणाच्या तरी शिपायाला लागतो. असा हात बसवला तर ते लिहून ठेवावे आणि देताना सांगावे.

आणि मावळ्यांच्या संग्रहाला तर पैसाही लागत नाही. येत्या दिवाळीत किल्ला मोडताना एक महाराज, दोन मावळे, एक गवळण आणि गुहेतला वाघ एवढे बाजूला काढावेत. तळाला शिसपेन्सिलीने लहान अक्षरांत साल, गाव, कोणाकडून घेतला आणि किती रुपयांना ते लिहावे. करणाऱ्याचे नाव कळले तर तेही लिहावे. विकणाऱ्याला विचारले तर तो बहुधा सांगतो. मग सुती कापडात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवावे. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच. वाघाचे शेपूट तुटले असेल तर तुकडा त्याच कापडात बांधावा, चिकटवू नये.